जपानी गोष्टीवाले गेम अमेरिका-युरोपात परत चालतील का?

भोर-वेल्ह्यातल्या चाळिशीच्या मंडळींना टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आठवत असेल. मारिओ, कॉन्ट्रा. दोन्ही जपानी, आपल्याला पत्ताही नव्हता!

पण जपानची खरी कमाल आपल्याकडे फारशी आलीच नाही. लांबलचक गोष्ट, आणि लढाई पाळीपाळीने, पत्त्यांच्या डावासारखी विचार करून खेळायची. गंमत म्हणजे मूळ बियाणं अमेरिकेचं. १९८१ च्या 'विझर्ड्री'सारख्या गेमवरून शिकून युजी होरी यांनी १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'ने तोच प्रकार अमेरिकेला परत विकला. जगभरातला खप कोटीच्या पुढे गेला.

मग उतार लागला. 'मास इफेक्ट' (२००७), 'स्कायरिम' (२०११) यांनी खेळणाऱ्याला मोकळं सोडलं. 'फायनल फँटसी १३' मात्र कितीतरी तास एकाच बोळातून पळवत होता. काही जपानी कंपन्या पाश्चात्त्यांची नक्कल करायला गेल्या, ते त्यांना शोभलं नाही.

माझ्या मते हे गेम परत आलेच आहेत. 'पर्सोना ५' २०१७ ला तिकडे गेला, टोकियोतल्या शाळकरी पोरांचीच गोष्ट घेऊन, आणि चालला. २०२५ चा गाजलेला 'क्लेअर ऑब्स्क्युर'ही पाळीपाळीचाच, पण केला फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या स्टुडिओने! म्हणजे प्रकार परतला, जपानची मक्तेदारी नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये पुराणकथांवरचा 'राजी' केला. राजगड, तोरणा आपल्या दारात, आणि आपली पोरं मोबाइलवर परक्या बेटावर गोळ्या झाडतायत. आपल्या भागातलं कुणी गेम बनवायला शिकत असेल तर कमेंटमध्ये कळवा, बातमी करतो.