पाठीवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे खरं. पण विंचवाला सकाळची डोंबिवली फास्ट पकडायची नसते. मला असते. गेली अठरा वर्षं मी लॅपटॉप पाठीवर, आणि गाडीत शिरल्यावर रीतीप्रमाणे पोटावर घेऊन हिंडतो आहे. तीन लॅपटॉप आधीच गेले. परवा घाटकोपरला एका गृहस्थांचं कोपर बसलं आणि चौथ्यानं मान टाकली. बिजागरीसकट.

मान मोडली याचं दुःख नव्हतं. आत आबांच्या आठवणी होत्या. दोन हिवाळे त्यांनी सांगितल्या आणि मी टाइप केल्या. गेल्या वर्षी आबा गेले. "याची एक कॉपी काढून ठेव रे," असं ते शेवटपर्यंत म्हणत होते, आणि मी शेवटपर्यंत "उद्या" म्हणत होतो.

दुरुस्तीवाल्या पोरानं यंत्र कानाशी धरून हलवलं. "काका, फिरणारी डिस्क घेतलीत?" स्वस्त पडली म्हणून घेतली होती. "तीन दिवसांनी सांगतो," तो म्हणाला. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा माणूस देवाचं वाचतो. मी लॅपटॉपचा इतिहास वाचायला घेतला.

या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे १९८१ सालचा ऑस्बोर्न वन. वजन ११ किलो, पडदा पाच इंची आणि बॅटरी नाहीच! विमानाच्या सीटखाली मावतो म्हणून तो 'पोर्टेबल'. त्याचा जनक ॲडम ऑस्बोर्न लहानपणी तिरुवण्णामलईला वाढला, कारण वडील आर्थर हे रमण महर्षींचे भक्त. ज्यांची सगळी मालमत्ता लंगोटी आणि कमंडलू, त्यांच्या सावलीत वाढलेल्या मुलानं जगाच्या हाती ११ किलोंचं लोढणं द्यावं! २००३ साली ऑस्बोर्न वारला तो कोडाईकनाललाच.

पण माझा जीव जडला तो १९८२ च्या ग्रिड कंपासवर. मिटणारं झाकण, मॅग्नेशियमची पेटी, वजन पाचेक किलो. किंमत ८,१५० डॉलर, म्हणजे आपण लांबूनच नमस्कार करावा अशी. फिरणारी डिस्क त्यात नव्हती. चुंबकीय बुडबुड्यांत माहिती साठवत. हलणारा भागच नाही, तर हादरणार काय? नासानं तो अवकाशयानातून नेला. तिथे गर्दी कमी असते, हेही लक्षात घ्या.

फिरत्या डिस्कचं सगळं दुखणं तिच्या वाचणाऱ्या टोकात. ते तबकडीवर केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. धक्क्यानं टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्याखालचे आबा गेले. म्हणून पॅनासॉनिकनं १९९६ पासून टफबुक काढले, मजबूत कवचाचे, आदळआपट सोसणारे. २००३ मध्ये आयबीएमनं थिंकपॅडला, आपण पडतो आहोत हे जमिनीला टेकण्यापूर्वीच ओळखून टोक बाजूला घेण्याची अक्कल दिली. मला स्वतःला ते जमिनीवर पोचल्यावरच कळतं.

आपल्याकडेही एक दणकट पाहुणा येऊन गेला. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत पोरांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. रबरी कळा, उचलायला मूठ, आणि फिरणारी डिस्क नाही. यंत्र करणाऱ्यानं पोरं पाहिलेली असावीत! पुढच्याच वर्षी स्टीव्ह जॉब्जनं पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला आणि सगळं जग बारीक व्हायच्या मागे लागलं. पाकिटातून यायला हरकत नाही हो. पण आमच्या लोकलमध्ये पाकीटसुद्धा सुरक्षित राहत नाही.

चौथ्या दिवशी पोराचा फोन आला. "काका, तुमचे आबा निघाले. पाच पानं गेली, बाकी आहेत."

पहिलं पान शाबूत होतं. १९५८ साली रत्नागिरीहून मुंबईला येताना आबांनी आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेची हकिगत. बोटीतून उतरताना हमालानं ती पाडली होती. ती अजून आमच्या माळ्यावर आहे. मी वर चढून बिजागऱ्या पाहिल्या, दोन्ही चालतात. आत गोधड्या होत्या. त्या जरा सारून पेन ड्राइव्ह ठेवला. दुसरा बहिणीकडे पाठवला, उद्यावर न टाकता.