निर्देशक प्रणालीची नोंद (भौगोलिक मेटाडेटा)

भौगोलिक डेटासेटमधले आकडे पृथ्वीवर कोणत्या चौकटीत वाचायचे, हे सांगणारी मेटाडेटातील नोंद. डेटम (म्हणजे पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार आणि स्थान), प्रक्षेपण, एकक आणि अक्षांचा क्रम तिच्यात येतो. व्यवहारात बहुधा ईपीएसजी सूचीतला एक क्रमांक देऊन भागवतात. शेपफाइलबरोबर ही माहिती वेगळ्या पीआरजे फाइलमध्ये असते, आणि फाइली इकडून तिकडे जाताना हमखास तीच मागे राहते.

नोंद चुकली की नकाशा भलतीकडे जातो, असे सर्रास सांगतात. पण खरा धोका तो नव्हे. महाराष्ट्र यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. नागपूरचे ४४व्या पट्ट्यातले आकडे ४३व्यातले समजून वाचले, तर शहर ६०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेला, गुजरातेत बारडोलीजवळ उमटते. पुण्याचे अक्षांश-रेखांश उलटे वाचले, तर ते थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. असल्या चुका पाहताक्षणी कळतात. लपते ती लहान चूक. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले आहेत. खुल्या नकाशांसाठी २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम स्वीकारला. दोन्हींतली अंश-मिनिटे दिसायला सारखीच, पण मुंबई परिसरात फरक १०० मीटरच्या घरात जातो. एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात दाखवायला तेवढे पुरे. आकड्यांवरून सॉफ्टवेअर प्रणाली ओळखते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण तपासावे: अंश आहेत की मीटर, एवढेच त्याला ताडता येते; डेटम नाही.

आता सगळीकडे डब्ल्यूजीएस ८४ आहे, मग नोंद कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार. जिओजेसनच्या २०१६च्या मानकाने, आरएफसी ७९४६ने, प्रणाली सांगण्याची सोयच काढून टाकली आणि आधी रेखांश, मग अक्षांश असा एकच नियम घालून दिला. पण त्याने नोंद संपली नाही; फाइलमधून मानकात गेली, इतकेच. जुना नकाशा रूपांतराची कोणती मूल्ये वापरून नव्या डेटमवर आणला, हे त्या नियमातून कळत नाही. ते लिहूनच ठेवावे लागते. शिवाय भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणजे २० वर्षांत मीटरभर. सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजणी केली असेल, तर प्रणालीच्या क्रमांकाशेजारी ते निर्देशक कोणत्या काळाचे आहेत हेही द्यावे लागते.