शास्त्रातील विरोध आणि आपली समजूत

“ग्रंथात एके ठिकाणी एक सांगितले, दुसऱ्या ठिकाणी दुसरे, मग मानावे तरी काय?” असा प्रश्न पारायणाच्या वेळी पुष्कळदा निघतो. हा प्रश्न नवा नाही, आणि तो विचारण्यात पापही नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी खुद्द अर्जुनाने हेच विचारले. भगवंत कर्मसंन्यासाची प्रशंसा करतात आणि कर्मयोगाचीही. मग दोहोंत श्रेयस्कर कोणते? भगवंत रागावले नाहीत. दोन्ही मार्ग कल्याणाचेच, त्यांत कर्मयोग विशेष, असा उलगडा त्यांनी केला. विरोध उपदेशात नव्हता, समजुतीत होता.

परंतु दर वेळी दोष वाचणाऱ्याचाच असतो असेही नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झाली. पुढे हाताने नकला होता होता तीत पाठभेद शिरले. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद देऊन ठेवली.

तात्पर्य, विरोध दिसताच ग्रंथ टाकू नये आणि शंकाही दडपू नये. मागचा-पुढचा संदर्भ पाहावा, पाठ ताडावा, जाणत्यास विचारावे. जीर्णोद्धारातही आपण वरचे थर काढतो, मूळ दगड राखतो.

या मंदिरात तरुणांनी निःसंकोच विचारावे व वडीलधाऱ्यांनी प्रेमाने ऐकावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.