जंगलात शिरणारा सैनिक : युद्धखेळातले नियम आणि त्यांचा अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण नियम आणि सवय यांतला फरक पाहिला. आज त्याच प्रश्नाकडे एका खेळाच्या इतिहासातून पाहू. खेळ म्हणजे टेबलावरचं युद्ध: बोटभर उंचीचे सैनिक, पुठ्ठ्याच्या टेकड्या, फासे आणि मोजपट्टी. हसू नका, यात तत्त्वज्ञान पुष्कळ आहे.

सुरुवात एका कोड्याने करू. नियम असा: 'पायदळ एका डावात आठ इंच चालते. जंगलात शिरल्यास चाल निम्मी.' आता जंगल पाच इंचांवर आहे. सैनिक किती चालेल? एक जण म्हणतो, चाल निम्मी म्हणजे चार इंच. पण मग तो जंगलापर्यंत पोचतच नाही! आणि पोचलाच नाही, तर चाल निम्मी का केली? नुसता जंगलाचा विचार केला म्हणून? दुसरा म्हणतो, पाच इंच मोकळं मैदान, उरले तीन, त्यांचे निम्मे दीड. म्हणजे सैनिक दीड इंच आत. तिसरा म्हणतो, कडेला थांबा, आत पुढच्या डावात. वाक्य एकच, अर्थ तीन.

असं का होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. बुद्धिबळात हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे चौसष्ट घरं आणि घराला अर्धं-मुर्धं नाही. 1780 मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेल्विग यांनी बुद्धिबळावरून युद्धाचा खेळ रचला. त्यांनी घरांची संख्या हजारावर नेली आणि डोंगर, दलदल, पाणी अशा रंगांनी ती रंगवली. भूभाग पटावर आला, पण घराच्या चौकटीत बसून. घर दलदलीचं आहे किंवा नाही, वाद संपला.

ती चौकट मोडली प्रशियातल्या रायसवित्झ पितापुत्रांनी. वडील मुलकी अधिकारी. आधी ओल्या वाळूवर, मग राजासाठी खास बनवलेल्या टेबलावर, जमिनीचे तुकडे हवे तसे जुळवून त्यांनी खेळ मांडला. 1812 मध्ये तो राजाकडे गेला. मुलगा तोफखान्यातला अधिकारी. त्याने 1824 मध्ये नियम छापले आणि टेबलाऐवजी 1:8000 प्रमाणाचा खराखुरा नकाशा घेतला. एक डाव म्हणजे दोन मिनिटं, आणि तेवढ्या वेळात कोणतं दल किती पुढे जाईल याचं गणित. लष्करप्रमुख म्यूफलिंग यांनी हे पाहून सैन्याला त्याची शिफारस केली.

पण चौकोन गेले, तसा वादाला दरवाजाही उघडला. नकाशावरची रेघ म्हणजे ओढा की नदी? पाऊस पडून गेला असेल तर? कोष्टक कितीही वाढवा, जमीन कोष्टकापेक्षा मोठीच राहते. म्हणून या खेळात सुरुवातीपासून एक तिसरा माणूस आहे: पंच. आणि 1876 मध्ये वेर्दी द्यू वेर्नॉय यांनी तर सांगितलं की कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळा. आपण याला 'मुक्त' पद्धत म्हणू, आणि आधीची 'काटेकोर'.

मग हाच खेळ घरात आला. एच. जी. वेल्स यांचं 'लिटल वॉर्स' 1913 चं. तिथे पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट, मोजायला दोरी. घरी पंच कुठला? समोर फक्त मित्र, आणि त्यालाही जिंकायचं आहे. पुढे 1969 मध्ये इंग्लंडात वॉरगेम्स रिसर्च ग्रुप सुरू झाला. त्यातल्या फिल बार्कर यांची वाक्यं इतकी घट्ट विणलेली की खेळाडूंनी त्या भाषेला 'बार्करीज' असं नावच ठेवलं. उद्देश चांगला होता: फट राहू नये. पण वाक्य जितकं घट्ट, तितकं ते वाचायलाच मीमांसक लागतो.

मीमांसक हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. आपल्या परंपरेत वाक्यार्थ ठरवण्याचं शास्त्रच आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, त्याला छेद देणारा तो अपवाद. आणि अपवाद त्याच्या विषयापुरताच लागू होतो. आठ इंच हा उत्सर्ग, जंगल हा अपवाद. अपवादाचा विषय जंगल, त्याआधीचं मैदान नव्हे. म्हणून आमचं मत दीड इंचाच्या बाजूने. अडवतात ती झाडं, इच्छा नव्हे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 1942 च्या मे महिन्यात जपानी नौदलाने 'यामातो' युद्धनौकेवर मिडवे मोहिमेचा पटावर सराव केला. फुचिदा आणि ओकुमिया यांनी पुढे लिहिलं, की फाशांनी जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पाडले. उगाकी यांनी ते तीन करायला लावले, आणि दोन जहाजं बुडण्याऐवजी एकच बुडालं. नंतरच्या सरावात तेही पुन्हा हजर झालं! जूनमध्ये प्रत्यक्षात चार बुडाली. उगाकी यांच्या बाजूनेही बोलता येईल: बॉम्बफेकीचा नेम त्यांना फार अचूक धरला आहे असं वाटलं असेल, आणि खरा घाव पुढे निराळ्याच विमानांनी घातला. पण निर्णय फासा पडल्यावर, नुकसान कोणाचं ते कळल्यावर झाला, एवढं शिल्लक राहतंच.

इथे आम्हाला बोटं दुसऱ्याकडे दाखवता येत नाहीत. नोकरीत असताना हजेरीच्या एका नियमाचा अर्थ आम्ही विद्यार्थ्याचं नाव वाचल्यावर लावला होता. मुलगा हुशार होता, आवडता होता. पुढच्या वर्षी तशाच दुसऱ्या मुलाला तोच नियम आम्ही अक्षरशः लावला. तर्क दोन्ही वेळा निर्दोष होता. चूक तर्कात नव्हती, तो करण्याच्या वेळेत होती.

हे खेळाडू याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. डाव मांडण्याआधी दोघं टेबलाभोवती फिरतात आणि ठरवतात: हे जंगल, याची कड इथवर, ही भिंत ओलांडता येते, ती नाही. मध्येच अडलं, तर फासा टाकून पुढे जातात. कोणाला फायदा होणार हे कळण्याआधी ते अर्थ ठरवतात. काटेकोर की मुक्त, या दोन शतकांच्या वादाला हे पूर्ण उत्तर नाही. पण दोन्ही पद्धतींना त्याची गरज आहे.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.