किसागोतमीची मोहरी आणि बागुलांचा नायक

धम्मपदाच्या अट्ठकथेत किसागोतमी मृत बालकासाठी दारोदार मोहरी मागते. मृत्यू न पाहिलेले घर तिला आढळत नाही. दुःख सर्वांचे आहे हे उमगून ती शोकाच्या एकटेपणातून बाहेर येते. बाबुराव बागुलांच्या १९६३ साली प्रकाशित झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षककथेतील नायकाला मात्र जात उघड होताच मारहाण होते. हे दुःख सर्वांचे नव्हे, जन्म पाहून लादलेले आहे. पोहरादेवीस श्रद्धेने जमणाऱ्या बंजारा समाजातील अनेकांनीही ते भोगले. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कलंक कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली. मरणाचे दुःख अनित्यतेच्या बोधाने शमते. माणसाने निर्मिलेल्या दुःखास अनित्य म्हणून सोसणे हा धम्म नव्हे. त्याचे कारण नष्ट करणे हाच धम्म होय.