सालाचा करार आणि यंत्रांचा सौदा



सौंसर आणि पांढुर्णा हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा या नावाने त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि कापूस, संत्री आणि मराठी बोली यांच्या नात्याने तो नागपूर-वऱ्हाडाचाच सोयरा आहे. या साऱ्या टापूत सालदाराचा करार पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास धनी आणि सालदार बोलणी करीत. रोख किती, धान्य किती, कपडे-वहाणा कोणी द्यावयाच्या, उचल किती आणि खाडा पडल्यास काय कापावयाचे, हे ठरे. कागद क्वचितच होई. पण सेवा, मोबदला, मुदत आणि दंड ही कराराची चारही अंगे त्या बोलण्यात असत.

हीच चार अंगे पुढे यंत्रांनाही शिकवावी लागली. गावोगाव विखुरलेली संगणकयंत्रे एकमेकांची कामे करू लागली, तेव्हा कोणते काम कोणी, किती वेळात आणि कोणत्या अटीवर करावे हा प्रश्न उभा राहिला. १९८० साली रीड स्मिथ या संशोधकाने त्याची एक रीत मांडली. एका यंत्राने काम पुकारावे, इतरांनी आपापली बोली कळवावी, आणि पुकारणाऱ्याने योग्य बोली निवडून काम सोपवावे. पुढे २००७ साली ओपन ग्रिड फोरम या संस्थेने सेवा-कराराचा एक प्रमाण मसुदा प्रसिद्ध केला. त्यात एक पक्ष ठराविक नमुन्यावरून प्रस्ताव पाठवी आणि दुसरा तो स्वीकारी किंवा नाकारी. घासाघीस नव्हती. एवढ्याने भागत नाही हे अनुभवास आले, आणि २०११ साली प्रस्ताव-प्रतिप्रस्तावांच्या फेऱ्यांची तरतूद निराळ्या मसुद्याने करण्यात आली.

या फेऱ्यांचे गणित मात्र त्याआधीच मांडले गेले होते. १९८२ साली एरियल रुबिनस्टाईन या अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले की, दोघे आळीपाळीने प्रस्ताव मांडीत असता, ज्याला थांबणे अधिक परवडते त्याच्या पदरी अधिक वाटा पडतो.

हे सूत्र आपल्या ओसरीवर आणून पाहा. गेल्या सालाची उचल ज्याच्या डोक्यावर फिटावयाची राहिली आहे आणि ज्याच्या घरात दाणा नाही, तो सालदार किती दिवस थांबणार? त्याचा होकार बोलण्यात होता. नकार मात्र त्याला परवडत नव्हता. उचलीच्या पाशात माणूस बांधला जातो, हे ओळखूनच १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा देशात झाला. अटी स्पष्ट असल्या म्हणजे करार न्याय्य झाला असे नव्हे, हा त्या कायद्याचा धडा होय.

यंत्राला भूक नाही, कर्ज नाही. म्हणून त्याचे गणित सुटसुटीत राहते. परंतु यंत्रामागे माणसेच असतात. दूरच्या कंपनीची संगणकसेवा भाड्याने घेणाऱ्या लहान व्यापाऱ्यापुढे बहुधा छापील अटीच येतात. त्यांत त्याच्या प्रतिप्रस्तावाला जागा नसते. सेवा बंद पडली तर भरपाई किती, हेही देणाराच ठरवितो. म्हणजे खाड्याचा हिशेब आहे, पण तो लिहिणारा हात एकच आहे.

तेव्हा कोणताही करार पुढे आला की त्यातील कलमे जरूर वाचावी. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा: मला ‘नाही’ म्हणता येईल काय? ज्या बोलण्यात नकाराला जागा नाही, त्याला सौदा म्हणणे हा केवळ उपचार होय.