वर्तणुकीचा दाखला

आमच्या सवकडे, महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, 'वर्तणुकीचा दाखला' म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. नोकरीला लागायचं, पासपोर्ट काढायचा, आखातात जायचं, की माणूस बरा आहे असं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं लागतं. पोलीसपाटलाला तुमच्या तीन पिढ्या ठाऊक असतात, त्यामुळे गावात हे काम सोपं. पण जिथे आपल्याला कुणीच ओळखत नाही अशा देशात आपण बरे आहोत हे ठरवणार कोण? गेले काही महिने मी या प्रश्नाच्या मागे लागलो होतो. कारण घरचंच आहे, ते पुढे येईलच.

अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० साली केला. त्यात अटी मोजक्याच होत्या. माणूस गोरा हवा, स्वतंत्र हवा, दोन वर्षं राहिलेला हवा आणि चांगल्या चारित्र्याचा हवा. १७९५ मध्ये दोनाची पाच वर्षं झाली आणि चारित्र्यामागे 'नैतिक' हा शब्द लागला. १९०६ च्या कायद्याने दोन विश्वासू नागरिकांची साक्ष मागितली. म्हणजे आपला पोलीसपाटीलच की!

आपल्या लोकांना तेव्हा चारित्र्यापेक्षा रंग जास्त नडला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. थिंड यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ साली नागरिक झालेले. या निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं, पण ते लढले आणि १९२६ मध्ये अपिलात जिंकले. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, आमच्या महाडात बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण माणूस म्हणून कुणाला आत घ्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, हा त्रास दोन्हीकडे एकच होता, असं मला आपलं वाटतं.

रंगाची अट १९५२ पर्यंत पुरती गेली. चारित्र्याची मात्र राहिली, आणि त्याच १९५२ च्या कायद्यात कुणाचं चारित्र्य चांगलं धरायचं नाही याची यादी आली. त्यात 'अट्टल दारुडा' हा पहिल्याच ओळीत! नागरिकत्वाच्या अर्जावर "तुम्ही कधी अट्टल दारुडे होता का?" हा प्रश्न अनेक वर्षं छापलेला असे. त्याला 'हो' म्हणणारा महाभाग कोण निघणार? म्हणून मग पुरावा शोधला जातो तो पोलिसांच्या कागदात, आणि मोटारीच्या देशात दारूचा पोलिसी कागद म्हणजे बहुतेक वेळा पिऊन गाडी चालवल्याचा.

गंमत म्हणजे हा गुन्हा फार काळ गुन्ह्यासारखा वाटतच नसे. १९८० साली कॅलिफोर्नियात एका आईने, कँडी लाइटनर यांनी, मुलीच्या मृत्यूनंतर मातांची संघटना काढली, तेव्हापासून वारं फिरलं. कायदे कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. मुंबई-गोवा हायवेच्या कडेला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण शिक्षा झाली की परक्या माणसाला दोन शिक्षा होतात. एक कोर्टाची, दुसरी इमिग्रेशनची. हैतीचा जोसुए लिओकाल फ्लोरिडात ग्रीनकार्डवर राहत होता. २००० साली त्याने पिऊन अपघात केला, दोन माणसं जखमी झाली. त्याला अडीच वर्षांची कैद झाली. सरकार म्हणालं हा 'हिंसेचा गुन्हा', आणि त्याला देशाबाहेर काढलं. नोव्हेंबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की निष्काळजीपणा वेगळा आणि हिंसा वेगळी. तोवर तो हैतीत पोहोचलेला होता. २०१० मध्ये पाडिया खटल्यात त्याच कोर्टाने म्हटलं, की गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर जावं लागेल का, हे वकिलाने परक्या अशिलाला सांगितलंच पाहिजे. हा खटला दारूचा नव्हता, पण उपयोग सगळ्यांना झाला. २०१९ मध्ये पुन्हा उलटं वारं. ठरलेल्या मुदतीत अशा दोन शिक्षा असतील तर चारित्र्य चांगलं नाही असंच धरून चालायचं, असं ॲटर्नी जनरलने एका हद्दपारीच्या प्रकरणात ठरवलं. कॅनडाने तर डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचाची दहा वर्षं केली. त्यामुळे तिथे नुसता दंड भरून सुटलेल्या कायमच्या रहिवाशालाही 'गंभीर गुन्हेगार' म्हणून बाहेर काढता येतं.

आता घरचं. आमच्या भावकीतला एक मुलगा अमेरिकेत एच-वन-बीवर होता. एका रात्री पार्टीहून परतताना पोलिसांनी थांबवलं. अपघात नाही, कुणाला लागलं नाही. दंड, क्लास, काही महिने लायसन्स बंद. तो म्हणाला, सुटलो. आणि मग ईमेल आलं, तुमचा व्हिसा रद्द केला आहे. नोव्हेंबर २०१५ पासून तिथल्या परराष्ट्र खात्याचा असा नियम आहे की गेल्या पाच वर्षांत या कारणाने अटक झाली असेल तर व्हिसा काढून घेता येतो. शिक्षा व्हायचीही वाट पाहत नाहीत! आहात तिथे राहता येतं, नोकरीही करता येते. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा व्हिसा, त्याआधी त्यांच्या डॉक्टरकडून तपासणी, आणि मग वाट बघणं.

त्याच वर्षी त्याचे वडील गेले. तो आला नाही. दहाव्याला सावित्रीच्या काठावर लोक हळूच बोलत होते, पोरगा अमेरिकेला गेला आणि बापाला विसरला. वहिनी गप्प बसून ऐकत होत्या. त्यांना खरं कारण माहीत होतं, पण ते सांगायचं कसं? बाप गेल्याच्या दुःखात लेकाची दारू चारचौघांत काढायची? हे लिहायला त्याने मला फोनवर परवानगी दिली. म्हणाला, "काका, नाव नका घालू, पण लिहा. इकडच्या पोरांना कुणी सांगत नाही."

चूक त्याची होतीच, तोही नाही म्हणत नाही. पण एका रात्रीची किंमत कोण कोण भरतं, ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आणि आपण काही वेगळे नाही हो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही परक्याला नागरिक व्हायचं तर चारित्र्य चांगलं हवंच. आपल्याकडे रक्तात शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम दारू सापडली की गुन्हा, अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८०. कागदावर आपणच जास्त कडक! फक्त आपल्याकडे दंड भरला की विषय संपतो, अशी आपली समजूत असते, आणि तीच समजूत सामानात घेऊन मुलं विमानात बसतात. आखातात गेलेल्यांना हे आधी कळतं. तिथे नागरिकत्वाचा प्रश्नच नसतो, सरळ परतीचं तिकीट.

तेव्हा मंडळी, परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना एवढंच सांगा. प्यायलात तर टॅक्सी करा. आणि पकडले गेलातच, तर काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. अर्जावर काही लपवू नका, खोटं बोलणं दारूपेक्षा महाग पडतं.

वहिनींना मात्र मी अजून हे वाचून दाखवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात गावी जातोय, तेव्हा बघू.